मुका वॉल आधी जळतो: जुन्या ट्रॅक्टरचे रॉकर आणि वॉल तपासताना

उसाच्या हंगामात आमच्या मोहोळ भागात पहाटेपासून ट्रॅक्टरचे आवाज सुरू होतात, आणि त्यातला आपला कुठला हे अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. काही वर्षांमागे, जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती त्या दिवसांत, आमच्या तीन सिलेंडरच्या जुन्या ट्रॅक्टरच्या आवाजात एक 'टिक' जास्तीची यायला लागली. इंजिन गार असताना ठळक, तापल्यावर थोडी दबकी. दोन ट्रॉल्या उसाच्या भरलेल्या, कारखान्यावर नंबर लागलेला. अशा वेळी ट्रॅक्टर गॅरेजात कोण नेतो? मी स्वतःच रॉकर कव्हर खोललं, 3 नंबरचा इनलेट वाजतोय हे ओळखलं आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून गॅप बरोबर बारा थाऊला (इंचाच्या बारा हजारांशाला) लावला. कव्हर बसवलं, चालू केला. टिक तशीच. परत खोललं, परत बारा, परत टिक. असं तीनदा.

त्याच आठवड्यात ट्रॅक्टर चढाला दम टाकायला लागला, धूर सोडायला लागला आणि एका सकाळी नुसता फटफटत राहिला. हेड, म्हणजे सिलेंडरवरचं वॉल बसवलेलं जड झाकण, उतरवलं तेव्हा 3 नंबर ठणठणीत निघाला. जळाला होता 2 नंबरचा एक्झॉस्ट वॉल. त्यानं कधी आवाजच केला नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आमच्या वस्तादांनी तो वॉल हातात धरला. कडेला उंदरानं भाकरी कुरतडावी तसा तुकडा गेला होता. "वाजणाऱ्याच्या मागं लागलास तू," ते म्हणाले, "पण वाजणारा वॉल बोंबलून सांगतो तरी. मुका आधी जळतो, बग."

असं का होतं, हे समजायला मला पुढची दोन वर्षं लागली. ते इथे सांगतो. पुस्तकात याला झडप म्हणतात, कंपनीचे लोक व्हॉल्व्ह म्हणतात, पण गॅरेजात तो वॉलच. मीही वॉलच म्हणणार.

वर काय चाललेलं असतं

इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट फिरतो. त्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, आणि पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला. रॉकर म्हणजे तराजूची दांडी. मधोमध शाफ्टवर टेकलेली, एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं. ते दुसरं टोक वॉलच्या दांडीच्या डोक्यावर दाबतं आणि वॉल उघडतो. उंचवटा सरला की स्प्रिंग वॉलला परत वर खेचून सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या गोल बैठकीवर, बसवते. प्रत्येक सिलेंडरला दोन वॉल: हवा आत घेणारा इनलेट, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट. तीन सिलेंडरला सहा वॉल, सहा रॉकर, सहा पुशरॉड.

इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक वॉल एकदा उघडतो. म्हणजे इंजिन 2000 फेऱ्यांवर चालत असेल तर मिनिटाला हजार वेळा, तासाला साठ हजार वेळा. नांगरट, पेरणी, उसाची वाहतूक धरून वर्षाला 600 तास काम झालं असं समजा, तर एकेका रॉकरनं वॉलच्या डोक्यावर तीन कोटी साठ लाख टोले दिले. पोलाद असलं म्हणून काय झालं, झिजणारच.

आता गॅप. वॉल बंद असताना रॉकरचं तोंड आणि वॉलच्या दांडीचं डोकं यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवतात. कारण उष्णता. जोरात काम करणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट वॉलचं डोकं सहा-सातशे अंशांपर्यंत तापतं. बारा सेंटीमीटर लांबीची पोलादी दांडी सरासरी 300 अंशांनी तापली तर साधारण 0.4 मिलीमीटरनं वाढते. हेडसुद्धा तापून थोडं वाढतं, म्हणून ही सगळी वाढ गॅपमधून वजा होत नाही; पण काही होतेच. फटच ठेवली नाही तर तापलेली दांडी रॉकरला टेकते, आणि वॉल बंद होण्याच्या वेळी सीटपासून केसभर उचललेलाच राहतो.

तेवढ्या केसभरानं काय बिघडतं? वॉलची बरीचशी उष्णता बाहेर जाते ती सीटमार्गे. वॉल सीटवर घट्ट बसला की त्याची उष्णता हेडमध्ये आणि हेडमधून पाण्यात जाते. उचललेला राहिला की ती वाट बंद, वर त्या फटीतून जळता वायू वेल्डिंगच्या ज्योतीसारखा सणाणत निघतो. दोन्हीकडून मार. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना मग वॉलची कड उडायला फार दिवस लागत नाहीत.

उलट गॅप जास्त झाला तर वॉल उशिरा उघडतो, लवकर बंद होतो, पुरता उघडत नाही, आणि रॉकर लांबून येऊन आदळतो. टिकटिक होते, ताकद थोडी कमी होते. नुकसान आहे, पण सावकाश होणारं.

गॅपचा आकडा इंजिनागणिक वेगळा असतो. मॅसी फर्ग्युसन 35 मध्ये बसायचं ते पर्किन्सचं 3.152 इंजिन, म्हणजे 3 सिलेंडर आणि 152 घनइंच, त्याला गार असताना 0.012 इंच आणि गरम असताना 0.010 इंच. मिस्त्री याला बारा थाऊ आणि दहा थाऊ म्हणतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. झेरॉक्सचा एक कागद साधारण चार थाऊ जाड असतो, तेव्हा तीन कागद म्हणजे बारा थाऊ. तुमच्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तकात पाहा, आणि तो गारचा आहे की गरमचा तेही पाहा. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्याला लावू नका.

गॅप म्हणजे पासबुकातली शिल्लक

इथेच मी फसलो होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

कुठल्या भागाची झीज गॅप वाढवते? कॅमचा तळ आणि टॅपेटचं तोंड झिजलं, पुशरॉडची टोकं झिजली, रॉकरचं तोंड खचलं, वॉलच्या दांडीचं डोकं चेपलं, तर गॅप वाढतो. या सगळ्या जागा साखळीच्या एका बाजूला आहेत.

आणि कुठली झीज गॅप कमी करते? वॉलची आणि सीटची. सीट झिजली की वॉल हेडमध्ये खोल बसतो. वॉल खोल बसला की त्याची दांडी तेवढीच वर सरकते आणि रॉकरच्या जवळ येते. गॅप आटतो.

म्हणजे एकीकडे जमा, एकीकडे खर्च. पासबुकात शिल्लक बारा दिसली म्हणून व्यवहारच झाला नाही असं कोणी म्हणेल का? वरून पाच थाऊ झिजलेत, खालून पाच थाऊ झिजलेत, फिलर म्हणतो बारा. सगळं ठीक! आणि 2 नंबरसारखं सीटच जास्त झिजत असेल तर गॅप गुपचूप शून्याकडे जातो, इंजिन उलट शांत होत जातं, आणि मालक खूश होतो की आवाज गेला.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: फिलर सर्वात शेवटी. आधी डोळे, मग बोटं, मग फिलर.

कव्हर उघडल्यावर आधी काय बघायचं

रात्रभर उभ्या असलेल्या गार इंजिनावर काम करा. बॅटरीची वायर काढा, स्टॉप (डिझेल बंद करायची मूठ) ओढून ठेवा. कव्हर उघडण्याआधी त्याच्या भोवतीची माती ब्रशनं आणि रॉकेलच्या फडक्यानं काढून टाका. आपली काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते, आणि ती एकदा रॉकरच्या बुशात, म्हणजे शाफ्टवर फिरणाऱ्या त्याच्या भोकातल्या कडीत, गेली की दळण सुरू.

कव्हरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. पातळ काळं ऑईल असेल तर ठीक, डिझेलचं ऑईल काळंच होतं. डांबरासारखा थर असेल तर ऑईल वेळेवर बदललेलं नाही, आणि शाफ्टची ऑईलची भोकं बुजलेली असण्याची शक्यता मोठी. कव्हर बाजूला ठेवून, बॅटरी जोडून, इंजिन दोन मिनिटं मंद चालवून बघता येतं. प्रत्येक रॉकरपाशी ऑईल पाझरताना दिसलं पाहिजे. एखादाच रॉकर कोरडा असेल तर त्याचं नाव वहीत लिहा. कारंजं मात्र अपेक्षित नाही, इथे ऑईल कमी दाबानंच येतं.

आता माझी आवडती तपासणी, जिला काहीच हत्यार लागत नाही. पुशरॉडच्या बाजूला प्रत्येक रॉकरला ॲडजस्टिंग स्क्रू असतो आणि त्यावर लॉकनट. नटाच्या वर स्क्रूचे किती आटे उरलेत ते सहाही ठिकाणी मोजा. गॅप कमी झाला की मिस्त्री स्क्रू वर घेतो, म्हणजे नटावर जास्त आटे दिसतात. गॅप वाढला की स्क्रू खाली, आटे कमी. म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोणाकोणाच्या हातून काय काय झालं, त्याची नोंद तिथे आट्यांत उमटलेली असते. आमच्या ट्रॅक्टरवर पाच ठिकाणी चार-साडेचार आटे होते आणि 2 नंबर एक्झॉस्टला जवळजवळ सहा. हे मी त्या जानेवारीत मोजलं असतं तर वॉल वाचला असता. हे आटे बारीक असतात, एकाची उंची साधारण एक मिलीमीटर. दीड आटा फरक म्हणजे तो वॉल शेजाऱ्यांपेक्षा चांगला दीड-दोन मिलीमीटर खोल बसलाय.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आकडा नव्हे, शेजाऱ्याशी असलेला फरक बघायचा. कारण हेडला कधी लेव्हल मारली (खालची बाजू घासून सपाट केली) असेल तर सगळेच स्क्रू सारखे वर आलेले असतात. आणि रॉकरच्या तोंडाचा खड्डा असा कळणार नाही, तो काही थाऊंचाच असतो. एखादा पुशरॉड किंवा स्क्रू बदललेला असेल तर त्याचा हिशेब अर्थातच वेगळा.

फिलर खोटं बोलतो तो असा

3 नंबरचा इनलेट तीनदा लावूनही का वाजत होता? वस्तादांनी रॉकर उतरवून उन्हात धरला आणि माझं बोट धरून त्याच्या तोंडावरून फिरवलं. दोन्ही कडांना गुळगुळीत, मध्ये एक उथळ वाटी. वॉलच्या दांडीनं स्वतःच्या मापाची जागा करून घेतली होती.

फिलरची पट्टी सरळ आणि रुंद. ती खड्ड्यात उतरत नाही, दोन कडांवर पूल टाकल्यासारखी बसते. दांडी मात्र खड्ड्यात जाते. खड्डा पाच थाऊ खोल असेल तर फिलर बारा दाखवतो तेव्हा खरा गॅप सतरा असतो. मी कितीही वेळा बारा लावले तरी ते सतराच राहणार होते.

उपाय काय, तर अगदी हलका ओरखडा असेल तर ऑईलस्टोनवर, तोंडाची मूळची गोलाई सांभाळून, घासून घेता येतो. पण रॉकरच्या तोंडाचा वरचा थरच कडक केलेला असतो, आत पोलाद मऊ. ग्राइंडरवर धरून सपाट केला की कडक थर गेला आणि गोलाईही गेली. असा रॉकर एका हंगामात पुन्हा खचतो, आणि सपाट तोंड दांडीला बाजूला रेटून गाईडही (दांडी जिच्यातून सरकते ती नळी) खातं. नखाला खड्डा स्पष्ट लागत असेल तर मी रॉकर बदला म्हणेन. जुना जोडून देणारे भेटतात. मी एकदा जोडून घेतला होता आणि परत त्या वाटेला गेलो नाही.

फिलरचं दुसरं खोटं बुशाचं. रॉकर शाफ्टवर ज्या बुशात फिरतो तो सैल झाला असेल तर काम चालू असताना पुशरॉड आणि वॉलची स्प्रिंग रॉकरला दोन्ही टोकांनी वर रेटतात. इंजिन बंद असताना मात्र तो स्वतःच्या वजनानं खाली बसलेला असतो. तुम्ही मोजता खाली बसलेल्या रॉकरचा गॅप, इंजिन चालतं वर उचललेल्या रॉकरवर. म्हणून वॉल बंद असताना रॉकर मधोमध पकडून सरळ वर-खाली हलवून बघा. तराजूसारखं डुलणं वेगळं, ते असणारच. अख्खा रॉकर शाफ्टवर उचलला जाणं वेगळं. हाताला खटखट लागली तर शाफ्ट उतरवायचा.

शाफ्ट उलटा करून बघा

रॉकर वर रेटला जातो, म्हणजे त्याचा बुश शाफ्टला खालून घासतो. म्हणून शाफ्ट झिजतो तो खालच्या बाजूनं. वरून टॉर्च मारून बघणाऱ्याला तो आरशासारखा चकचकीत दिसतो. उतरवून पालथा केला की मग खरं कळतं. रॉकर जिथे फिरतात तिथे पायरी पडलेली असते. दोन रॉकरांमधल्या स्प्रिंगखालची जागा कधीच घासली जात नाही, ती मूळ मापाची. नख तिथून घासलेल्या भागाकडे न्या. नख पायरीवरून घसरून अडकलं की शाफ्ट गेला. मायक्रोमीटर असेल तर त्याच दोन जागा मोजा, फरक आकड्यात मिळेल.

काही हुशार मंडळी शाफ्ट अर्धा फिरवून न झिजलेली बाजू खाली आणतात. पैसे वाचवण्याची युक्ती म्हणून ऐकायला छान आहे. पण ऑईलची भोकं एका ठरावीक बाजूला काढलेली असतात; शाफ्ट फिरवला की ती भलतीकडे जातात आणि रॉकर उपाशी. नवा बुश ठोकतानाही तेच, बुशाचं भोक रॉकरच्या भोकाशी जुळलंच पाहिजे. आणि बुश ठोकल्यावर रीमर मारून, म्हणजे आतून कातून, शाफ्टच्या मापाला आणावा लागतो. लेथवाल्याकडे जाताना शाफ्ट सोबत न्या, नुसते रॉकर नको.

शाफ्ट हातात आलाच आहे तर टोकाचे प्लग काढून आतून तारेनं आणि रॉकेलनं धुवा. आमच्यातून काढलेला काळा गाळ चहाच्या कपात मावला नसता.

पुशरॉड काढताना ज्याचा त्याच जागी परत जाईल असे क्रमानं ठेवा. पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून त्यात खोचले की गोंधळ होत नाही. काढताना टॅपेट चिकटून वर येऊ शकतो, म्हणून आधी थोडा हलवून सोडवा. मग काचेवर लोळवा. सरळ असेल तर गडगडत जातो, वाकलेला असेल तर उड्या मारतो. वाकलेला ठोकून सरळ करू नये, बदलावा. आणि तो का वाकला तेही शोधावं. बहुतेक वेळा गाईडमध्ये अडकलेला वॉल सापडतो.

स्प्रिंगचं काम थोडक्यात: सगळ्या एका रांगेत उभ्या करा, उंचीला बुटकी किंवा तिरकी दिसली ती बाद. शक्य असेल तर एक नवी शेजारी ठेवा.

हेड उतरवायचं की नाही

हा पैशाचा प्रश्न. गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग), मजुरी, वेळ. म्हणून हेडला हात लावायच्या आधी इंजिनालाच विचारून घ्यावं.

ज्या सिलेंडरचा संशय आहे त्याचा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणा. कसं कळणार? स्टॉप ओढलेला ठेवून इंजिन हातानं सावकाश फिरवा आणि इनलेटचा रॉकर बघा. तो खाली जाऊन वॉल उघडेल, मग परत वर येईल. त्यानंतर साधारण अर्धी फेरी फिरवलं की पिस्टन वर. त्या वेळी दोन्ही पुशरॉड बोटांत धरून गरगर फिरतात. (गॅप लावायची जागाही हीच. तीन सिलेंडरच्या इंजिनाचा क्रम 1-2-3 असेल तर दर 240 अंशांनी पुढच्या सिलेंडरची पाळी येते.) आता त्या सिलेंडरचा इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) काढून तिथून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा. ट्रॅक्टर गिअरमध्ये आणि चाकांना दगड लावलेला असू द्या, नाहीतर हवेच्या दाबानं इंजिन फिरून हात सापडतो.

मग कान लावा. सायलेन्सरच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल गळतोय. एअर क्लीनरकडून आली तर इनलेट. ऑईल भरायच्या तोंडातून आली तर वॉल निर्दोष, पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडरचे लायनर बघायचे. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. थोडी हवा रिंगांमधून सगळ्याच इंजिनांत जाते, तेव्हा तिन्ही सिलेंडरची तुलना करा.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापवलेल्या हवेनंच डिझेल पेटतं. म्हणून वॉल गळतो की नाही हे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बरोबर कळतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना गळका ट्रॅक्टरही पहिल्या हाकेला उठतो. मे महिन्यात बघून घेतलेला जुना ट्रॅक्टर थंडीत रडवतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. घ्यायचाच असेल तर सकाळी मालक उठायच्या आत जा आणि इंजिनावर हात ठेवून बघा. आधीच कोमट असेल तर समजायचं ते समजा.

एक फसवणूक इथे सांगून ठेवतो. इंजेक्टरही टकटकतो, आणि तोही दोन फेऱ्यांत एकदाच, म्हणजे ताल रॉकरसारखाच. ओळखायला मंद चालणाऱ्या इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्याच्यावर आवाज बदलला तो इंजेक्टरचा, नाही बदलला तर वरचं बघा. पण नटावर जाड फडकं टाका, चष्मा लावा आणि बोटं लांब ठेवा. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं, आणि ते दुखणं साधं नसतं.

हेड टेबलावर

वॉल काढायच्या आधी दांडीचं डोकं बघा. टोल्यांनी ते अळंबीसारखं पसरलेलं असेल तर आधी कानशीनं कड मारा. तसाच ओढला तर निघता निघता गाईडला आतून ओरबाडत येतो.

गाईड तपासायला वॉल सीटपासून सेंटीभर उचलून डोकं आडवं हलवा. थोडी हालचाल असतेच, एक्झॉस्टला इनलेटपेक्षा जरा जास्त ठेवलेली असते. फार डुलत असेल तर दोष दांडीचा की गाईडचा? त्याच गाईडमध्ये कोराकरकरीत वॉल घालून हलवा. डुलणं थांबलं तर जुनी दांडी झिजली होती. नव्यानंही डुलतोय तर गाईड बदला. दुकानदाराकडून एक वॉल तेवढ्यापुरता मागून आणला तरी हा निकाल लागतो. गाईड बहुतेक वेळा सगळीकडून सारखं झिजत नाही, दोन्ही तोंडांना घंटेसारखं पसरतं, कारण रॉकर दांडीला दाबता दाबता आडवंही रेटत असतो. मघाशी म्हटलं ना, खराब तोंडाचा रॉकर गाईड खातो.

सीटसाठी पेन्सिल पुरते. वॉलच्या घासल्या जाणाऱ्या कडेवर, साधारण बोटभर अंतरानं, आडव्या रेघा मारा. वॉल सीटवर ठेवून दाबून पाव फेरी फिरवा आणि उचला. सगळ्या रेघा पुसल्या असतील तर तो गोल बसतोय. एका बाजूच्या रेघा शाबूत असतील तर तिथून गळतोय. करडा पट्टाही बघा. दीड-दोन मिलीमीटर रुंद आणि कडेच्या मधोमध असेल तर उत्तम. पट्टा पसरून तीन-चार मिलीमीटर झाला असेल तर सीट खचली. असा वॉल वर्षानुवर्षं पेस्टनं घासून घासूनच जिवंत ठेवलेला असतो.

पेस्ट लावून वॉल घासणं सगळ्यांना आवडतं, रवीनं ताक घुसळल्यासारखं दोन तळव्यांत काठी फिरवायची. पण ते शेवटचं पॉलिश आहे. सीटला खड्डे असतील तर आधी कटर मारावा लागतो, आणि वॉल वाकडा असेल तर कितीही घासा. पेस्टनं वॉल आणखी खोल जातो हेही विसरू नका. वॉलचं डोकं हेडच्या पृष्ठभागापासून किती खोल असावं याची मर्यादा पुस्तकात दिलेली असते. हेडवर पट्टी आडवी ठेवून खाली फिलर घाला आणि मोजा. फार खोल गेला तर दाबाची जागा वाढते, दाब कमी होतो, आणि गॅरेजातून नवीकोरी चमक घेऊन आलेलं इंजिन थंडीत उठत नाही. तिथे नवी सीट रिंग ठोकणं हाच उपाय. हेडला लेव्हल मारली असेल तर याच्या उलट भीती असते. वॉल बाहेर डोकावतो आणि पिस्टनला भेटतो.

पेस्ट धुताना कंजुषी करू नका. रॉकेलनं दोनदा, मग साबणाच्या पाण्यानं, मग हवा. उरलेली पेस्ट रिंगा आणि लायनर त्याच इमानदारीनं घासते.

सगळं बसवल्यावर हेड आडवं करून, भोकं वर येतील असं ठेवून, इनलेट आणि एक्झॉस्टच्या भोकांत रॉकेल ओता आणि चहा पिऊन या. वॉलच्या कडेला ओल दिसली तर परत काढा. आता कंटाळा आलेला असतो, तरी काढा.

इनलेट वॉल आणि सीटची झीज मुळात कुठून येते, तर बरीचशी धुळीतून. उसाच्या फडात, ज्वारीच्या मळणीला ट्रॅक्टर दिवसभर फुफाट्यात उभा असतो. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरच्या तळाला ऑईलची वाटी असते, ती आमच्याकडे हंगामात दर आठवड्याला काढून बघितली जाते आता. तळाशी चिखल बसला की धुऊन नवं ऑईल. त्या वाटीतून सुटलेली माती सरळ वॉलच्या कडेवर जाते आणि प्रत्येक बंद होण्याला सीटवर चेचली जाते.

हेड परत बसवताना बोल्ट पुस्तकातल्या क्रमानं, टॉर्क पान्यानं, तीन टप्प्यांत आवळायचे. गॅप गार असताना लावायचा, इंजिन तापेपर्यंत चालवायचं, बोल्टला पुन्हा टॉर्क द्यायचा, आणि मग गॅप पुन्हा तपासायचा. कारण बोल्ट बसले की गॅस्केट दबतं, हेड खाली येतं आणि गॅप कमी होतो. ही दुसरी फेरी बरेच जण गाळतात. जळालेला वॉल बदलून महिनाभरात तोच पुन्हा जळाला, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की वस्ताद पहिला प्रश्न हाच विचारायचे, की गरम झाल्यावर परत खोललं होतंस का?

आमच्या रॉकर कव्हरच्या आत आता ऑईलपेंटनं सहा आकडे लिहिलेले आहेत, नटावरच्या आट्यांचे, तारखेसह. दर हंगामाच्या आधी कव्हर उघडतो आणि आधी ते वाचतो. गेल्या दिवाळीत 1 नंबरचा एक्झॉस्ट पाव आट्यानं वर गेलेला दिसला. आवाज अजिबात नाही. ऊस सुरू व्हायच्या आत हेड उतरवायचं ठरलंय.